नऊ सामने, नऊ विजय आणि न आलेले निमंत्रण

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या जुन्या तक्त्यांमध्ये १९५१ या वर्षासमोर एक छोटीशी नोंद आढळते. संघ : युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को. सामने नऊ, विजय नऊ, पराभव शून्य, बरोबरी शून्य. पुढच्या वर्षाच्या रकान्यात या संघाचे नावच नाही. सगळे सामने जिंकलेल्या संघाला ना करंडक मिळाला, ना हंगामाच्या शेवटच्या मानाच्या सामन्याचे बोलावणे आले. जानेवारी १९५२ उजाडेपर्यंत त्या विद्यापीठाने आपला फुटबॉल बंद करण्याचा निर्णयही घेतला होता.

क्रीडा इतिहासात हरलेल्यांच्या कहाण्या पुष्कळ असतात. जिंकूनही बाहेर राहिलेल्यांच्या कहाण्या थोड्या, आणि त्या अधिक बोलक्या असतात. हरलेल्या संघाबद्दल मैदानावरचे नियम सगळे सांगून टाकतात. जिंकलेला संघ बाहेर राहतो, तेव्हा मैदानाबाहेरचे नियम शोधावे लागतात, आणि ते बहुधा कुठे लिहून ठेवलेले नसतात. गेली काही वर्षे मी सवडीने जुनी अमेरिकन वृत्तपत्रे, सामन्यांचे तक्ते आणि खेळाडूंच्या मुलाखती वाचतो आहे. या एका हंगामाकडे मी पुन्हा पुन्हा वळलो तो याच कारणाने. तो संघ किती चांगला होता, हा त्यातला सोपा प्रश्न. त्याला कोणी अडवले आणि ते अडवणे शक्य कसे झाले, हा खरा प्रश्न.

खेळाची तोंडओळख

आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ. अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचे काम थोडे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो हातात धरून पळायचा किंवा फेकायचा. मैदान शंभर यार्डांचे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्याच्याकडे असेल त्या संघाला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. तेवढे जमले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. दहा यार्ड झाले की नाही हे मोजायला मैदानाच्या कडेला खरोखरीची साखळी घेऊन माणसे उभी असतात. मराठी वाचकाला कबड्डीची उपमा जवळची वाटेल. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात शिरायचे, त्याने पकडून खाली पाडण्याआधी जितकी जमीन घेता येईल तितकी घ्यायची. फरक इतकाच की इथे घेतलेली जमीन पुढच्या डावापर्यंत आपल्याकडे राहते.

शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की ‘टचडाउन’, त्याचे सहा गुण. त्यानंतर चेंडू लाथाडून खांबांमधून घालवला तर आणखी एक. दुरून तसाच खांबांमधून घालवला तर तीन. चेंडू बाळगणाऱ्याला त्याच्याच शेवटच्या रेषेमागे पाडले, तर पाडणाऱ्या संघाला दोन गुण मिळतात. हे दोन गुण लक्षात ठेवावेत, पुढे त्यांचा उल्लेख येणार आहे.

हंगाम आणि ‘बाउल’

हा खेळ अंगाला इतका लागतो की आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना खेळता येत नाही. म्हणून महाविद्यालयाचा हंगाम सप्टेंबरात सुरू होऊन नोव्हेंबरअखेर संपे. एकूण सामने नऊ, दहा किंवा अकरा. देशभरात शंभराहून अधिक मोठे संघ आणि प्रत्येकाचे सामने जेमतेम दहा. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणे अशक्यच. त्यात सामने कोणाशी खेळायचे हे बहुतांशी महाविद्यालयेच आपापसात ठरवत.

मग अव्वल कोण हे कसे ठरे? मतांनी. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून क्रीडा पत्रकारांचा कौल घेऊन संघांची क्रमवारी जाहीर करू लागली. पन्नासच्या दशकाच्या आरंभी हा शेवटचा कौल हंगामोत्तर सामन्यांच्या आधीच लागत असे. १९५१ मध्ये टेनेसी विद्यापीठाला पहिला क्रमांक मिळाला, आणि १ जानेवारी १९५२ रोजी मेरीलँडने त्याला २८-१३ असे हरवले. तरीही टेनेसीचे अव्वलपद शाबूत राहिले, कारण मते आधीच मोजली गेली होती.

हे हंगामोत्तर सामने म्हणजे ‘बाउल’. बाउल म्हणजे वाडगा. वाडग्यासारख्या गोल, खोलगट प्रेक्षागारावरून हे नाव पडले. यांतला सर्वांत जुना सामना कॅलिफोर्नियातील पासाडीनाचा. गुलाबांच्या उत्सवाला जोड म्हणून तो १९०२ मध्ये पहिल्यांदा भरवला गेला आणि १९१६ पासून दरवर्षी होऊ लागला. मग मायामीच्या ऑरेंज बाउलची व न्यू ऑर्लिन्सच्या शुगर बाउलची १९३५ मध्ये सुरुवात झाली, डॅलसचा कॉटन बाउल १९३७ मध्ये आणि जॅक्सनव्हिलचा गेटर बाउल १९४६ मध्ये आला. नावे पाहिली तरी हेतू कळतो. संत्री, साखर, कापूस हे त्या त्या भागाचे पीक. उत्तरेत बर्फ पडत असताना उबदार दक्षिणेत पर्यटक यावेत, हॉटेले भरावीत, गावाचे नाव व्हावे, म्हणून तिथल्या व्यापारी व प्रतिष्ठित मंडळींनी हे सामने उभे केले. कोणता संघ बोलवायचा हे त्यांची समिती ठरवी. रोझ बाउलसारख्या एखाद्या ठिकाणी ठरावीक गटांच्या संघांशी करार असे. बाकी बराचसा कारभार निमंत्रणाचा. यजमान म्हणेल तो पाहुणा.

आपल्या कथेची किल्ली इथेच आहे. बाउल ही स्पर्धा नव्हती. ती मेजवानी होती.

टेकडीवरचे छोटे विद्यापीठ

युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को हे जेझुइट पंथाच्या कॅथलिक पाद्र्यांनी १८५५ मध्ये स्थापलेले विद्यापीठ. आकाराने लहान. त्याच परिसरातील बर्कले आणि स्टॅनफर्ड यांच्यापुढे पैशाने आणि नावाने फिके. त्याच्या संघाला ‘डॉन्स’ म्हणत. घरचे मैदान केझार स्टेडियम; त्याच मैदानावर शहराचा व्यावसायिक संघ ‘फोर्टीनाइनर्स’ही खेळे. हा संघ १९५० मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, दाखल झाला होता. एका शहरातल्या प्रेक्षकाच्या खिशावर दोघांचा डोळा. त्यात डॉन्सच्या सामन्यांना केझारचा बराच भाग रिकामा राही.

प्रशिक्षक होते जो कुहारिच, शिस्तीचे कडक. संघाची प्रसिद्धी सांभाळायला पीट रोझेल नावाचा एक तरुण होता. वर्तमानपत्रांना आकडे पाठवायचे, छायाचित्रे द्यायची, पत्रकारांना सामन्याला आणायचे, हे त्याचे काम. हाच रोझेल पुढे १९६० ते १९८९ अशी एकोणतीस वर्षे एनएफएलचा आयुक्त, म्हणजे सर्वोच्च अधिकारी होता.

खेळाडूंमध्ये जिनो मार्केटी होता, इटालियन स्थलांतरितांचा मुलगा, दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढून आलेला. बॉब सेंट क्लेअर होता, उंची सहा फूट नऊ इंच. चेंडू फेकणारा एड ब्राउन होता. आणि दोघे कृष्णवर्णीय होते : ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. मॅटसनचा जन्म टेक्सासमधला, टोलर टेनेसीतल्या मेम्फिसचा. दोन्ही राज्ये वर्णभेद कायद्यानेच पाळणारी. दोघेही सॅन फ्रान्सिस्कोत येऊन तिथल्या सिटी कॉलेजच्या अपराजित संघातून एकत्र खेळले होते आणि एकत्रच डॉन्समध्ये आले होते. मॅटसन धावण्यात अद्वितीय, टोलर बचावात. त्या संघात दोघांची जागा काय होती हे सांगायला एवढे पुरे, की प्रतिस्पर्ध्यांचा सारा बेत मॅटसनला कसे थोपवायचे या एका प्रश्नाभोवती आखला जाई.

नऊ शनिवार-रविवारांची गोष्ट

पहिल्याच सामन्यात सॅन होझे स्टेटचा ३९-२ असा पाडाव झाला. ते दोन गुण कसे मिळतात हे वर आलेच आहे. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकदाही डॉन्सची शेवटची रेषा ओलांडता आली नाही. मग आयडाहो, मरीन सैनिकांचा कॅम्प पेंडलटन, पुन्हा सॅन होझे असे विजय मिळत गेले.

ऑक्टोबरात संघ न्यूयॉर्कला फोर्डहॅम विद्यापीठाशी खेळायला गेला. याचे महत्त्व खेळापुरते नव्हते. मते देणारे बडे पत्रकार पूर्व किनाऱ्यावर बसलेले. पश्चिमेकडच्या छोट्या विद्यापीठाला त्यांच्या नजरेत भरायची ही एकच संधी. फोर्डहॅमने चांगली झुंज दिली. पण सामन्यात दोन वेळा प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेला चेंडू मॅटसनने आपल्या टोकाला झेलला आणि जवळजवळ सारे मैदान पार करून पलीकडे नेला. एका सामन्यात असे एकदा घडले तरी वर्षभर त्याची चर्चा होते. डॉन्सने सामना ३२-२६ असा जिंकला. पूर्ण हंगामात त्यांना इतके झगडावे लागले ते एवढ्या एकाच वेळी.

नोव्हेंबरात स्टॉक्टन येथे कॉलेज ऑफ द पॅसिफिकशी गाठ पडली. पॅसिफिकचा संघ त्या वर्षी दमदार होता आणि बाउलचे निमंत्रण या सामन्यावर अवलंबून असल्याचे बोलले जात होते. डॉन्सने तो ४७-१४ असा जिंकला. शेवटचा सामना लॉस एंजेलिसच्या लोयोलाशी; तोही २०-२ असा खिशात घातला.

हंगाम संपला तेव्हा मॅटसनच्या नावावर नऊ सामन्यांत १,५६६ यार्डांची धाव आणि २१ टचडाउन होते. दोन्ही आकडे त्या वर्षी देशात सर्वाधिक. तरीही सर्वोत्तम खेळाडूच्या हाइसमन पुरस्काराच्या मतदानात तो नववा आला, आणि पत्रकारांच्या शेवटच्या कौलात डॉन्सना जागा मिळाली चौदावी.

त्याच महिन्यात, स्टिलवॉटरमध्ये

या हंगामाचे वातावरण समजायला दुसऱ्या एका सामन्याकडे वळून पाहिले पाहिजे. २० ऑक्टोबर १९५१ रोजी ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे ड्रेक विद्यापीठ आणि ओक्लाहोमा ए अँड एम यांचा सामना झाला. ड्रेकचा जॉनी ब्राइट हा कृष्णवर्णीय खेळाडू त्या वेळी देशातील आघाडीच्या आक्रमकांपैकी एक. चेंडू त्याच्या हातून निघून गेल्यावर, खेळाशी संबंध नसलेल्या जागी, प्रतिस्पर्धी खेळाडूने त्याच्या तोंडावर कोपराने आघात केला. असे सुरुवातीच्या काही मिनिटांतच वारंवार घडले. ब्राइटचा जबडा मोडला.

देमोइन शहरातील एका दैनिकाचे दोन छायाचित्रकार तिथे होते. त्यांनी टिपलेल्या छायाचित्रांच्या मालिकेत तो आघात टप्प्याटप्प्याने दिसतो : चेंडू एकीकडे, मार दुसरीकडे. या छायाचित्रांना १९५२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पण मारणाऱ्यावर कोणतीही कारवाई झाली नाही. निषेध म्हणून ड्रेकने तो स्पर्धागटच सोडला. ओक्लाहोमाच्या विद्यापीठाने माफी मागितली ती २००५ मध्ये, ब्राइटच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी.

स्टिलवॉटरला जे हाताने झाले, ते बाउलच्या समित्यांमध्ये अदबीने होत असे.

सभ्य लोकांचा करार

त्या अदबीला नावही होते : ‘जंटलमेन्स ॲग्रीमेंट’. उत्तरेकडच्या संघात एखादा कृष्णवर्णीय खेळाडू असेल, तर दक्षिणेच्या संघाशी खेळताना त्याला बाहेर बसवायचे. करार लेखी नाही, त्यावर कोणाची सही नाही. पाहुण्याने यजमानाचा संकोच टाळावा, इतकेच. १९४० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाने लेनर्ड बेट्स या आपल्या खेळाडूला मिझुरीच्या सामन्याला नेले नाही. विद्यार्थ्यांनी मोठी निदर्शने केली. विद्यापीठाने सात विद्यार्थ्यांना निलंबित केले. त्या सातांचा गौरव करायला विद्यापीठाला २००१ साल उजाडावे लागले.

युद्धानंतर मात्र काही संघ हा करार मोडू लागले. पेन स्टेटने १९४६ मध्ये मायामीचा सामना रद्द केला, पण आपले कृष्णवर्णीय खेळाडू मागे ठेवले नाहीत. १९४८ मध्ये तोच संघ त्यांच्यासह कॉटन बाउलमध्ये खेळला. त्याच वर्षाच्या अखेरीस लाफायेट कॉलेजने सन बाउलचे निमंत्रण याच कारणासाठी नाकारले. म्हणजे डॉन्ससमोर प्रश्न आला तेव्हा तो अनोळखी नव्हता. आधी दोन्ही प्रकारची उत्तरे दिली गेली होती.

डॉन्सना कळवण्यात आलेली अट अशी : मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवा, मग बाउलचा विचार होईल. या प्रसंगाची माहिती आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः खेळाडूंनी पुढे दिलेल्या मुलाखतींतून. त्या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे : संघात यावर वाद झालाच नाही. मार्केटी, सेंट क्लेअर आणि इतरांनी सांगितले ते एवढेच, की दोघे नाहीत तर कोणीच नाही. मॅटसन आणि टोलर यांना ‘तुमच्यामुळे आमचे गेले’ असे कोणी कधी बोलून दाखवले नाही.

‘सामने सोपे होते’

त्या काळी उघडपणे दिलेले कारण वेगळे होते : डॉन्सचे प्रतिस्पर्धी दुबळे होते. अभ्यासकाने हे कारण हसण्यावारी नेऊ नये. नऊ प्रतिस्पर्ध्यांत लष्करी तळांचे संघ होते. सॅन होझेशी दोनदा खेळले गेले. स्टॅनफर्ड किंवा बर्कले यादीत नव्हते. चौदावा क्रमांक देणाऱ्या पत्रकारांकडे बोट दाखवायला काही आधार होता, हे मान्य केले पाहिजे.

पण मग हे कारण तपासून पाहू. डॉन्सने ज्यांना ४७-१४ असे लोळवले, त्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकला बाउलचे निमंत्रण मिळाले. एल पासोच्या सन बाउलमध्ये ते टेक्सास टेककडून २५-१४ असे हरले. हरलेला चालतो आणि त्याला हरवणारा चालत नाही, याचा उलगडा ‘सोप्या सामन्यां’नी होत नाही.

आता बड्या बाउलकडे पाहू. त्या जानेवारीत ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जिया टेक आणि बेलर, शुगर बाउलमध्ये मेरीलँड आणि टेनेसी, गेटर बाउलमध्ये मायामी आणि क्लेमसन खेळले. हे सहाही संघ संपूर्ण गोऱ्यांचे होते. सहांपैकी एकाही विद्यापीठाने आपल्या फुटबॉल संघात कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला साठचे दशक उजाडण्यापूर्वी सुरुवात केली नाही.

आणखी एक बारकावा महत्त्वाचा. पॅसिफिकच्या संघातही एडी मेकन हा कृष्णवर्णीय खेळाडू होता आणि तो सन बाउलमध्ये खेळला. तीनच वर्षांपूर्वी जो बाउल लाफायेटच्या खेळाडूला घ्यायला तयार नव्हता, तोच बदलला होता. एल पासोही टेक्सासमध्येच आहे. तेव्हा ‘त्या काळी दक्षिणेत तसेच चाले’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत. एका गावाची समिती बदलू शकली, दुसऱ्या गावाची बदलली नाही. रूढी म्हणून जे सांगितले जाते, त्यामागे बहुतेक वेळा खोलीत बसलेल्या चार माणसांचा निर्णय असतो.

नकाराची किंमत

त्या नकाराला किंमत होती आणि ती रोख होती. विद्यापीठाचा फुटबॉल तोट्यात चालला होता. तूट सुमारे ७० हजार डॉलर असल्याचे सांगितले जाई. मोठ्या बाउलच्या उत्पन्नातून ती भरून निघण्याची आशा होती. निमंत्रण आले नाही आणि विद्यापीठाने फुटबॉल बंद केला.

इथेही तोल राखायला हवा. बाउल मिळाला असता तर संघ कायमचा वाचला असता, असे मला वाटत नाही. कॅलिफोर्नियातील शेजारची कॅथलिक महाविद्यालये त्याच वाटेवर होती : सेंट मेरीजने १९५० च्या हंगामानंतर, लोयोलाने १९५१ नंतर, सांता क्लाराने १९५२ नंतर हा खेळ सोडला. व्यावसायिक संघांची चढाओढ, दूरचित्रवाणी, वाढता खर्च ही सारी कारणे होतीच. पण हे सारे आपण आज मागे वळून पाहताना म्हणतो. नकार देताना त्या मुलांसमोर एवढेच होते, की मान गेला, पैसा गेला आणि कदाचित संघही जाईल.

खेळाडू मात्र मागे पडले नाहीत. प्रशिक्षक कुहारिच शिकागो कार्डिनल्स या व्यावसायिक संघाकडे गेले. मॅटसनलाही त्याच संघाने पहिल्या फेरीत निवडले. त्यानंतर जुलै १९५२ मध्ये मॅटसन हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यतीत कांस्य आणि ४ x ४०० मीटर रिले शर्यतीत रौप्यपदक जिंकून आला. मराठी वाचकाला हे ऑलिंपिक वेगळ्या कारणाने पाठ आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीतले कांस्यपदक मिळवले ते याच हेलसिंकीत, याच महिन्यात. आपापल्या मुलखात दारे ठोठावून थकलेली दोन माणसे एकाच गावात पदक घेऊन उभी होती; एकाला दुसऱ्याचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही.

१९५९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने मॅटसनच्या बदल्यात कार्डिनल्सला नऊ जण देऊ केले. व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये मॅटसन आणि मार्केटी १९७२ मध्ये एकाच वेळी गेले, सेंट क्लेअर १९९० मध्ये. एका लहान विद्यापीठाच्या एकाच हंगामातील तीन खेळाडू तिथे असावेत, हे ‘संघ दुबळा होता’ या आक्षेपाला दिलेले सर्वांत निर्णायक उत्तर.

त्याच विद्यापीठाचा दुसरा संघ

आता या शोधात मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला मुद्दा. फुटबॉल बंद झाल्यावर याच विद्यापीठाने बास्केटबॉलमध्ये नाव काढले. १९५५ च्या संघाच्या मुख्य पाच खेळाडूंत बिल रसेल, के. सी. जोन्स आणि हॅल पेरी असे तिघे कृष्णवर्णीय होते. फुटबॉलमध्ये दोघे अडचणीचे ठरले होते, इथे तिघे होते. या संघाने ला सालला ७७-६३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि १९५६ मध्ये ते पुन्हा जिंकले.

विद्यापीठ तेच, देश तोच, मधे वर्षे चारच. वर्णद्वेष काही चार वर्षांत संपला नव्हता. या खेळाडूंनाही गावोगावी अपमान सोसावे लागले. मग फरक कुठे पडला? बास्केटबॉलमध्ये बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा होती. आपल्या गटात पहिले या, स्पर्धेत जागा मिळेल. जिंकत राहा, पुढे सरकत राहाल. तुमच्याशी खेळायचे नसेल तर न खेळणाऱ्याने घरी बसायचे. हे नुसते म्हणण्यापुरते नव्हते. मिसिसिपी स्टेटने १९५९, १९६१ आणि १९६२ मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंशी खेळावे लागू नये म्हणून या स्पर्धेतली आपली हक्काची जागा सोडली. अखेर १९६३ मध्ये तो संघ न्यायालयीन मनाई टाळण्यासाठी गुपचूप राज्याबाहेर पडला आणि शिकागोच्या लोयोलाशी खेळला.

बाउलमध्ये भेदभावाची किंमत मॅटसन-टोलरच्या संघाने मोजली. बाद स्पर्धेत ती भेदभाव करणाऱ्याला मोजावी लागली. माणसे दोन्हीकडे सारखीच होती, व्यवस्था वेगळी होती. अन्याय करणाऱ्याचे मन बदलायला पिढ्या लागतात; दार उघडण्याचा नियम बदलायला तेवढा वेळ लागत नाही.

बाउलचे दारही हळूहळू उघडले, पण धक्के खात. १९५६ मध्ये पिट्सबर्गचा बॉबी ग्रिअर शुगर बाउलमध्ये खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. जॉर्जियाच्या गव्हर्नरने आपल्या राज्याच्या संघाला तो सामना खेळू नका असे बजावले. तेव्हा जॉर्जिया टेकचे विद्यार्थी गव्हर्नरच्या विरोधात रस्त्यावर उतरले आणि सामना झाला. त्याच वर्षी लुइझियानाने मिश्र वर्णांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो न्यायालयात टिकला नाही, पण तोवर काही वर्षे गेली.

टोलरची साखळी

बर्ल टोलरचे काय झाले हे सांगायचे राहिले. त्याला क्लीव्हलँड ब्राउन्सने निवडले होते. पण १९५२ च्या उन्हाळ्यात महाविद्यालयीन निवडक खेळाडूंच्या एका सामन्यात त्याचा गुडघा कायमचा दुखावला आणि व्यावसायिक खेळ सुरू होण्याआधीच संपला. तो शिक्षक झाला, पुढे सॅन फ्रान्सिस्कोतील एका शाळेचा मुख्याध्यापक. १९६५ मध्ये एनएफएलने त्याला सामनाधिकारी म्हणून घेतले. त्या लीगमधला हा पहिला कृष्णवर्णीय सामनाधिकारी. तेव्हा आयुक्त होते पीट रोझेल, डॉन्सचे जुने प्रसिद्धिप्रमुख. टोलरने पंचवीस वर्षे हे काम केले. जानेवारी १९८० च्या सुपर बाउलमध्ये तो ‘हेड लाइन्समन’ होता. दहा यार्ड मोजणारी साखळी ज्याच्या अखत्यारीत असते, तो हा अधिकारी.

२००६ मध्ये विद्यापीठाने १९५१ च्या संघातील खेळाडूंना सन्मान्य डॉक्टरेट दिली. टोलर २००९ मध्ये गेला, मॅटसन २०११ मध्ये. २०१७ मध्ये विद्यापीठाने एका वसतिगृहाचे नाव बदलून त्याला टोलरचे नाव दिले. आधीचे नाव होते जेम्स फेलन या सिनेटरचे, आणि या फेलन यांनी १९२० ची निवडणूक कॅलिफोर्निया गोऱ्यांची राहावी आणि आशियाई लोकांना रोखावे या घोषणेवर लढवली होती.

महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये चार संघांची बाद फेरी आली ती थेट २०१४ च्या हंगामापासून, आणि तीही समितीने निवडलेल्या संघांची. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने तेरापैकी तेरा सामने जिंकले, तरी त्याला चारांत घेतले नाही, कारण मुख्य खेळाडू जखमी असल्याने संघ आता पूर्वीइतका बलवान नाही, असे समितीचे मत पडले. तिथे वर्णाचा प्रश्न नव्हता आणि दोन्ही घटना एका तराजूत घालता येणार नाहीत. पण सगळे सामने जिंकलेल्या संघाला बाहेर ठेवण्याची मुभा बहात्तर वर्षांनंतरही कोणाच्या तरी मताकडे होती. २०२४ पासून बारा संघ घेतले जातात आणि त्यांतल्या पाच जागा गटविजेत्यांसाठी राखीव आहेत. त्या पाचांनी आपला गट जिंकलेला असतो. बाकीच्या सात जागा आजही समितीच्या मतावर ठरतात.